सनदशीर मार्गाचे पथिक : दिवाणबहादूर अण्णासाहेब लठ्ठे



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेसाठी एखादा ऐतिहासिक लेख द्यावा, अशी सूचना विश्वस्त मंडळाकडून आली. अशा स्मरणिकांमधून आपण आचार्यांची चरित्रे वाचतो, तीर्थक्षेत्रांची माहिती वाचतो, दानवीरांचे गुणगान वाचतो. ते योग्यच आहे. परंतु ज्या जैन श्रावकांनी कायदेमंडळात बसून राज्याचा जमाखर्च सांभाळला, त्यांच्याविषयी आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही. म्हणून या लेखासाठी मी अण्णासाहेब लठ्ठे यांचे चरित्र निवडले आहे.

अण्णासाहेब कुरुंदवाडचे. कुरुंदवाड कोठे आणि आपले आंजी कोठे, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्यांचा समाज बहुतांशी शेतकरी, कृष्णा-पंचगंगेच्या काठी राहणारा. आपण विदर्भातील, बहुतेक व्यापार-उदीम करणारे. परंतु त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या जबाबदारीचे दार उघडले ते वर्ध्यात, आणि मिटले तेही वर्ध्यातच. शिवाय ज्या प्रश्नाशी त्यांनी मंत्री म्हणून झुंज दिली, तो दारूबंदीचा प्रश्न आपल्या जिल्ह्याच्या पाचवीला पुजलेला आहे. त्यामुळे हा विषय वाटतो तितका दूरचा नाही.

बालपण, शिक्षण आणि समाजकार्य

अण्णा बाबाजी लठ्ठे यांचा जन्म ९ डिसेंबर १८७८ रोजी कुरुंदवाड येथे झाला. त्या काळी दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजात उच्च शिक्षण ही अतिशय दुर्मीळ गोष्ट होती. अशा परिस्थितीत त्यांनी एम.ए. आणि एल्एल.बी. या पदव्या संपादन केल्या. शिकलेल्या माणसाने समाजाचे ऋण फेडले पाहिजे, ही जाणीव त्यांच्या ठायी प्रथमपासून होती. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली, तिच्या आरंभीच्या आधारस्तंभांत तरुण लठ्ठे होते. १९०५ साली त्यांनी जैन धर्माचा परिचय करून देणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. परक्या लोकांना आपला धर्म त्यांच्या भाषेत समजावून सांगावा, हा त्यामागील हेतू होता.

त्याच सुमारास कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी विद्यार्थी वसतिगृहांची चळवळ उभी केली होती. १९०१ साली तेथे दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. खेड्यापाड्यांतील जैन मुले तेथे राहून इंग्रजी शिक्षण घेऊ लागली. लठ्ठे या बोर्डिंगचे अधीक्षक होते. पुढे त्यांनी कोल्हापूर संस्थानच्या शिक्षण खात्यातही काम केले.

अण्णासाहेबांची प्रकृती मुळातच शिस्तप्रिय होती. आजच्या भाषेत त्यांना स्थितिशील म्हणता येईल. मुलांनी शिकावे, समाज पुढे यावा, हे त्यांना मनापासून हवे होते. परंतु ते सर्व नियमांच्या चौकटीत, वडीलधाऱ्यांना न दुखवता, सनदशीर मार्गाने घडावे, असा त्यांचा आग्रह होता. या स्वभावाचे मोठेपण त्यांच्या पुढील आयुष्यात दिसते. परंतु त्याची एक उणी बाजूही होती, आणि ती बोर्डिंगमध्येच उघडी पडली.

एक कटू प्रसंग

हा प्रसंग जैन समाजाच्या स्मरणिकेत लिहावा की नाही, याचा मी काही काळ विचार केला. शेवटी असे ठरविले की, जमेची बाजू लिहिणाऱ्याने खर्चाची बाजू लपवू नये.

बोर्डिंगमध्ये कुंभोजचा एक विद्यार्थी राहत होता. अभ्यासात बेताचा, अंगाने धिप्पाड, स्वभावाने बंडखोर. त्याचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील. पुढे सारा महाराष्ट्र ज्यांना कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून ओळखू लागला, तेच हे. १९०८ च्या सुमारास कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर बोर्डिंगच्या शिस्तीप्रमाणे स्नान करून शुद्ध झाल्याशिवाय भोजनगृहात प्रवेश नाही, असे त्यांना सांगण्यात आले. माणसांमध्ये बसून आल्याबद्दल शुद्धी कसली, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी स्नान नाकारले आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

नियमाकडे पाहिले तर अधीक्षकांचे काही चुकले नाही. नियम होता, तो मोडला गेला, शिक्षा झाली. परंतु इतिहासाने निकाल त्या मुलाच्या बाजूने दिला. भगवान महावीरांच्या समवसरणात पशुपक्ष्यांनाही स्थान होते, असे आपण प्रवचनांत ऐकतो. आणि आपल्याच बोर्डिंगच्या दारात, दुसऱ्या वसतिगृहातील मुलांशेजारी बसल्याबद्दल एका जैन मुलाला अडविले गेले. हा दोष एकट्या लठ्ठ्यांचा नव्हे, त्या काळच्या आपल्या सर्व समाजाचा आहे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी भाऊरावांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यास त्यांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले. ज्या पंगतीचे दार आपल्यासाठी बंद झाले होते, तीच पंगत त्यांनी सर्वांसाठी मांडली.

या कथेचा उत्तरार्ध तितकाच महत्त्वाचा आहे. १९१४ साली कोल्हापुरात पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण घडले. संशयाची सुई लठ्ठे यांच्याकडे वळविण्यात आली. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले, त्यांना कोठडीत ठेवण्यात आले. ज्यांच्या अमलात आपल्याला बोर्डिंग सोडावे लागले, त्यांच्यावर सूड उगविण्याची ती संधी होती. परंतु भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही. खोटे बोलण्यापेक्षा प्राण गेलेला बरा, इतक्या टोकापर्यंत ते गेले. सत्याणुव्रत म्हणजे काय, हे समजावून सांगण्यासाठी आपल्याला दूरच्या पुराणकथा शोधण्याची गरज नाही.

या प्रकरणानंतर लठ्ठे यांनी कोल्हापूर सोडले आणि बेळगावास वकिली सुरू केली.

कायदेमंडळाकडे

बेळगावात त्यांच्या सार्वजनिक जीवनास नवे वळण लागले. पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानास राजकीय सुधारणा मिळणार, हे दिसू लागले होते. मागासलेल्या आणि शेतकरी वर्गाला त्या सुधारणांत योग्य वाटा मिळावा, यासाठी ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी जी चळवळ केली, तिच्या प्रमुखांमध्ये लठ्ठे होते. त्यांची साधने होती अर्ज, निवेदने, साक्षी आणि वृत्तपत्र. रस्त्यावरील आंदोलन हा त्यांचा पिंड नव्हता.

१९२० साली महात्मा गांधींनी असहकाराची हाक दिली आणि कायदेमंडळांवर बहिष्कार घालण्यास सांगितले. लठ्ठे यांनी त्या वेळी वेगळा मार्ग धरला. १९२१ ते १९२३ या काळात ते मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद होते. सरकारच्या दारात बसून सरकारला जाब विचारता येतो, अशी त्यांची धारणा होती. अनेकांनी अशा नेमस्तांवर टीका केली. परंतु अर्थसंकल्प वाचणे, कलमांवर बोलणे, दुरुस्त्या सुचविणे हे कंटाळवाणे वाटणारे काम कोणीतरी शिकून ठेवावे लागते. ते शिक्षण त्यांनी या वर्षांत घेतले.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले. १९२४ साली लठ्ठे यांनी महाराजांचे दोन खंडांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. ज्या संस्थानातून त्यांना संशयाच्या छायेत बाहेर पडावे लागले होते, त्याच संस्थानच्या अधिपतीचे चरित्र त्यांनी कडवटपणा न ठेवता लिहिले. त्यानंतरच्या काळात ते कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले. ‘दिवाणबहादूर’ हा किताब त्यांच्या नावामागे कायमचा राहिला.

वर्ध्यात उघडलेले दार

१९३५ च्या कायद्यानुसार १९३७ च्या आरंभी प्रांतिक निवडणुका झाल्या. एकेकाळी काँग्रेसपासून दूर राहिलेले अण्णासाहेब आता काँग्रेसच्या वतीने बेळगाव जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर निवडून आले. मुंबईच्या १७५ सभासदांच्या विधानसभेत काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला. परंतु गव्हर्नरच्या विशेष अधिकारांमुळे मंत्रिपदे स्वीकारावीत की नाही, हा वाद काही महिने चालला. तोपर्यंत सर धनजीशा कूपर यांचे हंगामी मंत्रिमंडळ कारभार पाहत होते.

या वादाचा निकाल लागला तो आपल्या वर्ध्यात. जुलै १९३७ च्या पहिल्या आठवड्यात काँग्रेस कार्यकारिणीची बैठक वर्ध्यास भरली आणि अधिकारग्रहणाचा ठराव झाला. महात्माजी त्या वेळी सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहत होते. सेठ जमनालालजी बजाज यांच्यामुळे वर्धा ही देशाच्या राजकारणाची अघोषित राजधानीच झाली होती. आपल्या गावापासून बैलगाडीच्या वाटेवर झालेल्या त्या ठरावानंतर १९ जुलै १९३७ रोजी बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने शपथ घेतली. कन्हैयालाल मुनशी गृहमंत्री, मोरारजी देसाई महसूलमंत्री, डॉ. गिल्डर आरोग्यमंत्री आणि अण्णासाहेब लठ्ठे अर्थमंत्री झाले. काँग्रेसच्या धोरणाप्रमाणे मंत्र्यांचे वेतन दरमहा ५०० रुपये ठेवण्यात आले.

पापाचे उत्पन्न आणि पुण्याचा खर्च

अर्थमंत्री या नात्याने त्यांच्यापुढे जो प्रश्न आला, तो कोणत्याही श्रावकाने आपल्या मनाशी विचारावा असा आहे.

इंग्रजी राजवटीत प्रांतांच्या उत्पन्नाचा मोठा भाग अबकारीतून, म्हणजे दारू-ताडीच्या करातून येत असे. शिक्षण हे खातेही प्रांतांकडेच होते. म्हणजे गरिबाने दारू प्यावी, तिच्यावर सरकारने कर घ्यावा आणि त्या करातून गरिबाच्याच मुलाची शाळा चालवावी, अशी ती व्यवस्था. दारू बंद केली तर शाळा कशावर चालवायच्या? जुलै १९३७ मध्ये महात्माजींनी ‘हरिजन’मधून हाच प्रश्न मांडला आणि स्वावलंबी शिक्षणाची कल्पना पुढे आणली. त्याच विचारातून २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याची प्रसिद्ध शिक्षण परिषद भरली आणि नयी तालीमचा जन्म झाला. आपल्या जिल्ह्याचे नाव ज्या शिक्षण योजनेमुळे देशभर गेले, तिचे एक मूळ दारूच्या उत्पन्नात होते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

मद्यत्याग हा आपल्या मूलगुणांतील आरंभीचा गुण. मद्य हे सप्तव्यसनांपैकी एक व्यसन. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत रसवाणिज्य सांगितले आहे, त्यात मद्याचा व्यापार येतो. म्हणजे पिणे तर दूरच, त्यातून मिळणारी कमाईही श्रावकास निषिद्ध. परंतु व्यक्तीने एखादी कमाई नाकारणे वेगळे आणि सबंध प्रांताच्या तिजोरीने नाकारणे वेगळे. व्यापारी माणसाला याचा अर्थ चटकन कळेल. दुकानातील सर्वांत जास्त खपणारा माल एका दिवशी बंद करायचा आणि नोकरांचे पगार, भाडे, देणी तशीच चुकवायची, असा तो व्यवहार होता.

मद्रास प्रांतात राजाजींनी १ ऑक्टोबर १९३७ पासून सेलम जिल्ह्यात दारूबंदी सुरू केली आणि तूट भरून काढण्यासाठी १९३९ साली सर्वसाधारण विक्रीकर बसविला. पुढे देशभर आपण व्यापाऱ्यांनी जो विक्रीकर भरला, त्याची ही सुरुवात. आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडातही १९३८ साली दारूबंदीचा कायदा झाला. मुंबईत प्रश्न अधिक बिकट होता. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी जाहीर झाली. त्यासाठी लागणारा पैसा उभा करण्यासाठी शहरी स्थावर मालमत्तेवर वार्षिक भाडेमूल्याच्या दहा टक्के कर बसविण्यात आला.

या करामुळे मोठे वादळ उठले. घरे-चाळी बाळगणारा धनिक वर्ग नाराज झाला. त्यात आपलेही बांधव होते. पारशी आणि मुसलमान समाजांतून विरोध झाला. कराच्या वैधतेस न्यायालयात आव्हान दिले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. विधानसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वेगळ्या बाजूने टीका केली. प्रांतात शिक्षण आणि आरोग्य यांची एवढी उपासमार असताना दारूबंदीवर एवढा पैसा घालविणे हा अग्रक्रम चुकीचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हा आक्षेप पोकळ नव्हता. अर्थशास्त्राचे पुस्तक हातात धरून पाहिले तर बाबासाहेबांचा मुद्दा आजही वजनदार वाटतो.

तरीही लठ्ठे यांच्या धोरणात मला एक गोष्ट मोलाची वाटते. कर्ज काढून किंवा आकड्यांची सारवासारव करून त्यांनी पुण्य विकत घेतले नाही. दारूचे उत्पन्न सोडायचे असेल तर ते कोणीतरी भरून दिले पाहिजे आणि ज्याच्याजवळ आहे त्याने दिले पाहिजे, हे त्यांनी उघडपणे सांगितले. जमाखर्चाच्या बाबतीत ते जुन्या वळणाचेच राहिले. जी शिस्त बोर्डिंगमध्ये एका मुलावर अन्याय करून गेली, तीच शिस्त तिजोरीच्या दारात उभी राहिली तेव्हा धनिकांचीही भीड तिने धरली नाही.

वर्ध्यात मिटलेले दार

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने हिंदी पुढाऱ्यांना न विचारता हिंदुस्थानास युद्धात ओढले. ऑक्टोबरच्या २२ व २३ तारखांना काँग्रेस कार्यकारिणी पुन्हा वर्ध्यास भरली आणि तिने प्रांतिक मंत्रिमंडळांना राजीनामे देण्याचा आदेश दिला. नोव्हेंबर १९३९ च्या आरंभी खेर मंत्रिमंडळ पायउतार झाले. लठ्ठे यांची अर्थमंत्रिपदाची कारकीर्द अशा रीतीने सुमारे सव्वादोन वर्षांची ठरली. मुंबईतील दारूबंदी अवघे तीन महिने जुनी होती. मंत्रिमंडळ गेल्यानंतर तिची घडी विसकटली.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला. त्याच कायद्याच्या छत्राखाली, गांधी-विनोबांची कर्मभूमी म्हणून, आपल्या वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. ती कागदावर किती आणि गावात किती, हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही. अमेरिकेसारख्या बलाढ्य देशानेही १९२० ते १९३३ असा प्रयोग करून तो मागे घेतला. केवळ कायद्याने व्यसन सुटत नाही. परंतु कायदा नसेल तर संध्याकाळी पोरे घेऊन दारात वाट पाहणाऱ्या बाईच्या बाजूने उभे राहणारे काहीच उरत नाही, हेही तितकेच खरे.

१९५० साली अण्णासाहेबांचे निधन झाले. कर्मवीर भाऊराव ९ मे १९५९ रोजी निवर्तले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण किताब मिळाला होता. दोघेही एकाच धर्माचे आणि एकाच बोर्डिंगमधले. एक नियम पाळणारा, दुसरा नियम मोडणारा. समाजाला दोघांचीही गरज होती.

आपल्यासाठी बोध

पन्नास वर्षे संस्था चालविणे म्हणजे पन्नास वर्षे जपणूक करणे. मंदिर जपायचे, पूजाविधी जपायचा, हिशेब जपायचा. त्या अर्थाने प्रत्येक विश्वस्त हा स्थितिशील असतो आणि तो तसा असला पाहिजे. परंतु काय जपायचे आणि काय सोडायचे, याचा विवेक नसेल तर जपणूक ही अडवणूक होते. लठ्ठे यांच्या चरित्रातून मला दोन प्रश्न मिळाले. ते मी विश्वस्त मंडळापुढे आणि सर्व बंधू-भगिनींपुढे नम्रपणे ठेवतो.

पहिला प्रश्न दाराविषयीचा. पुढील काळात आपल्या ट्रस्टने विद्यार्थ्यांसाठी काही योजना केली, तर गावातील गरजू पण अन्य समाजाचा मुलगा आपल्या दारात आल्यावर आपण त्याला काय विचारणार? १९०८ साली कोल्हापुरात विचारले गेले, तेच विचारणार असू, तर एवढ्या वर्षांत आपण फारसे चाललो नाही, असे म्हणावे लागेल.

दुसरा प्रश्न पैशाविषयीचा. पर्युषणात आणि महोत्सवांत बोल्या होतात, मोठ्या रकमा पुकारल्या जातात, टाळ्या वाजतात. ती रक्कम कोणत्या धंद्यातून आली, हे आपण कधी विचारतो काय? ज्या पैशाने मुलांची पाठशाळा चालते तो पैसा कोठून आला, हा प्रश्न लठ्ठे यांच्या मंत्रिमंडळाने सबंध प्रांतासाठी विचारला आणि त्याची किंमत मोजली. आपली पाठशाळा तर लहानशी आहे. तिच्यासाठी तो विचारणे फारसे अवघड नसावे.

वर्षभराचा हिशेब सर्वसभेत वाचून दाखविण्याची आपली पद्धत चांगली आहे. तिला या दोन प्रश्नांची जोड मिळाली, तर सुवर्णमहोत्सवाचे सार्थक होईल.

लेखनात काही अधिक-उणे झाले असल्यास वाचकांनी उदार अंतःकरणाने क्षमा करावी. मिच्छामि दुक्कडं.